मुकुंद जोशी, इयत्ता नववी

मुकुंद जोशी, आज तू साठी ओलांडली असशील. मिलिंद बोकिलांच्या २००४ साली आलेल्या 'शाळा' कादंबरीत मात्र तू अजून नववीतच आहेस. बाहेर आणीबाणी आहे, मोठी माणसं जपून बोलताहेत आणि तुझा जीव शिरोडकर नावाच्या मुलीच्या एका नजरेत अडकलाय. तुझं गाव नेमकं कुठलं, हे मी कधी शोधलं नाही. कल्याणहून कर्जतच्या दिशेनं निघालं की प्रत्येक स्टेशनात तू उतरताना दिसतोस.

उल्हासनगरात उतरतोस. १९४९ साली निर्वासितांच्या छावणीचं शहर झालं, तरी पत्ता अजून कँप नंबरानंच सांगतात. फाळणीत घरदार गमावून आलेल्या सिंधी माणसाचा पणतू शाळा सुटली की दुकानाच्या गल्ल्यावर बसतो. मनातलं नाव तो कुठं लिहीत असेल? अंबरनाथला उतरतोस. तिथं १०६० सालचं शिवमंदिर अजून उभं आहे, त्याच्या पायाशी वालधुनी काळी पडून वाहते. विम्कोचा काडेपेट्यांचा कारखाना गेला, विम्को नाका हे नाव तेवढं राहिलं. बदलापूरला उतरतोस, तर उल्हास नदीच्या दिशेनं टॉवरच टॉवर.

तुझे मित्र सुऱ्या, चित्रे, फावड्या आणि तू ज्या अर्धवट इमारतीत बसायचात, तिच्यासाठी माझा जीव तुटतो. तिथं तुम्हाला कुणी हटकत नव्हतं. पोरींच्या गोष्टी, मास्तरांच्या नकला, घरी सांगता न येणारी भीती, सगळं त्या उघड्या विटांनी ऐकून घेतलं. आज बदलापुरात अर्धवट इमारती वळणावळणावर आहेत. पण भोवती पत्रे ठोकलेत आणि फाटकावर वॉचमन आहे. आईबाप पहाटेच्या लोकलनं जातात, रात्री परततात. घराची किल्ली पोराकडे, हातात मोबाइल, संध्याकाळी क्लास. चौघांनी मिळून गप्प बसावं अशी जागा या गावांतून निघून गेली आणि तिच्यासाठी कुणी हळहळलंही नाही.

२० ऑगस्ट २०२४ ला बदलापूरच्या रुळांवर माणसांचा लोंढा उतरला. शाळेतच दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाले होते. त्या संतापाला कारण होतं. पण त्या रात्री घराघरांत नववी-दहावीतली मुलंमुलीही जागी असतील. तुम्हाला काय वाटतंय, असं त्यांना किती घरांत विचारलं गेलं?

वडिलांच्या बदलीबरोबर शिरोडकर निघून गेली, तेव्हा तुझ्या दारात समाचाराला कुणी आलं नाही. चौदाव्या वर्षीच्या दुःखाला सुतक नसतं. म्हणूनच ती कादंबरी मोठी आहे: तिनं तुझ्या दुःखाला पोरकटपणा म्हटलं नाही, एका जाणत्या माणसाच्या दुःखाइतकाच मान दिला. कँपातल्या, नाक्यावरच्या, टॉवरमधल्या मुलांनाही तो मान हवा आहे. त्यांची कादंबरी त्यांच्यातलंच कुणी लिहील, पण त्याआधी त्यांचं ऐकलं जायला हवं.

रात्रीच्या लोकलनं परतणाऱ्या आईबाबांनो, आज घरी पोचलात की मार्कांची चौकशी नको. मुलाला त्याच्या मित्रांची नावं विचारा, मुलीला तिच्या मैत्रिणींची. मग मध्ये न बोलता ऐका.