डोंग्यातला दिवस

प्रवास म्हटला की कुठेतरी पोचायचे, ही समजूत सरकारी नोकरीने आम्हां मंडळींच्या हाडीमासी खिळवली आहे. बदलीचा हुकूम, रुजू होण्याची तारीख, सामानाची यादी; मधला रस्ता हिशेबात धरलेलाच नसतो. म्हणून गेल्या कार्तिकात राजिमच्या घाटावर केवटाने "कहाँ जाबो, साहेब?" असे विचारले, तेव्हा "कुठेच नाही, दिवसभर नुसते फिरव" हे उत्तर देताना मला थोडे ओशाळल्यासारखे झाले.

सोबतीला फक्त मोत्या होता. बारा वर्षांपूर्वी समता कॉलनीतल्या आमच्या फाटकाशी पावसात कुडकुडणारे हे पिल्लू पत्नीने पदराखाली घेऊन घरात आणले. आज ती नाही, मोत्या आहे. आदल्या रात्री पुण्याहून मुलाचा फोन आला होता. "बाबा, आता रायपूर पुरे. घर विकून इकडे या. मोत्याची मात्र तिथेच कुणाकडे तरी सोय करा. चौथ्या मजल्यावर या वयात त्याचे हालच होतील." त्याच्या बोलण्यात चूक काहीच नव्हती. म्हणूनच रात्रभर झोप आली नाही.

इंग्लंडातल्या कालव्यांवर जेमतेम सात फूट रुंदीच्या लांबट नावांतून लोक कुत्र्यांसह सुट्टी घालवतात. आमच्या डोंग्यापुढे ती नाव म्हणजे राजवाडाच! इथे दोघांना शेजारी बसण्याचीही सोय नव्हती. मोत्या आधी थरथरला. मग नाकाडावर हनुवटी टेकून पाण्याकडे पाहत राहिला. महानदी, पैरी आणि सोंढूर यांच्या संगमात उंच चौथऱ्यावर उभ्या असलेल्या कुलेश्वराला मी डोंग्यातूनच हात जोडले.

पाणी ओसरू लागले होते. डोंगा मधूनच वाळूत रुते. केवट उतरून ढकली, आणि मोत्याही उडी मारून उगाच भुंकत मदतीचा आव आणी. दुपारी वाळवंटात शिदोऱ्या सुटल्या. मोत्याने माझी दशमी हुंगून बाजूला सारली आणि केवटाचा तांदळाचा चिला मिटक्या मारीत संपवला. मला हसू आले. घरात सारी बोली मराठी. पण हे पोर जन्माने छत्तीसगढीच!

या नदीचाही स्वभाव असाच आहे. सिहाव्याच्या डोंगरात उगम पावून ती ओरिसातून समुद्राला मिळते. रेल्वे येण्यापूर्वी तिच्यावरून नावा पार आरंगपर्यंत येत. त्या वाटेने कुणी कुठून आले आणि कुठे राहिले, याची नोंद पाण्याने ठेवलेली नाही. मराठी घरातले माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले, आणि १९२६ साली त्यांनी देह ठेवला तो रायपुरातच. त्यांना कुणी "तुमचे गाव कोणते?" असे विचारले असते, तर त्यांनी काय सांगितले असते?

नेमका तोच प्रश्न परतीच्या वाटेवर केवटाने मला विचारला. पस्तीस वर्षे याला माझे उत्तर ठरलेले: सातारा. तिथला वाडा विकून वीस वर्षे झाली, विहीर बुजली, ओळखीची माणसे गेली. तरी उत्तर तेच. त्या संध्याकाळी मात्र ते ओठांवर येईना. केवट बांबू टेकवीत प्रवाहाविरुद्ध डोंगा रेटत होता. थकलेला मोत्या माझ्या पावलांवर डोके ठेवून झोपला होता. आपले गाव कोणते, हा प्रश्न त्याला आयुष्यात कधी पडला नाही. ज्या अंगणात त्याला हाक मारणारे कुणी आहे, तेच त्याचे गाव.

"रायपूर," मी म्हणालो. केवटाने नुसती मान हलवली. त्याला त्यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते.

घरी पोचल्यावर मोत्याने नाकाने फाटक लोटले आणि आपल्या जागी जाऊन पडला. मी पुण्याला फोन लावला. "घर विकायचे नाही," एवढेच सांगितले. मुलगा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मोत्या कसा आहे?"

"झोपलाय. आज डोंग्यातून फिरून आला."