‘गॅस संपला’ या वाक्याविषयी

‘‘गॅस संपला आहे, भरावा लागेल.’’ दर एप्रिलात एसीचा कारागीर हे ऐकवतो. मराठीच्या अध्यापनात उमेदीची वर्षे घालवलेल्या आम्हां उभयतांना यातले ‘संपणे’ खटकते. स्वयंपाकाचा गॅस संपतो, कारण तो जळतो. एसीतला जळत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांतून तोच पुन्हा पुन्हा फिरतो, खोलीतली उष्णता घेतो आणि बाहेर टाकतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळला आहे. गळती न शोधता भरणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे.

शिवाय दाब उतरला म्हणजे गळतीच, असेही नाही. आतली जाळी धुळीने बुजली तरी परतीच्या नळीतला दाब उतरतो. उलट बाहेरचे यंत्र मळले की दुसऱ्या बाजूचा दाब चढतो. त्यात नागपूरचे ऊन. २३ मे २०१३ रोजी येथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता! एकाच काट्याकडे पाहून निदान करणारा कारागीर म्हणजे एका ओळीवरून कवी जोखणारा समीक्षक. असो.

गच्चीखालच्या खोलीत आमच्या ऐंशी वर्षांच्या आई दुपारी पडून असतात. म्हणून यंदा आम्ही हट्टच धरला. नळ्यांत नायट्रोजनचा दाब देऊन सांध्यांना साबणाचे पाणी लावले, तेव्हा बाहेरच्या यंत्राच्या नटापाशी बुडबुडे दिसले. सांधा नव्याने बसवला, पंपाने नळ्या निर्वात केल्या, आणि यंत्रावरच्या पट्टीवर छापलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून भरला. यात अर्धा दिवस गेला. सायंकाळी आईंनी पांघरूण मागितले.