पिशवी काढण्याआधी

पुनावळे

प्रिय ताई,

गर्भाशयाची पिशवी खराब झालीय, काढून टाका असं डॉक्टरांनी सांगितल्याचं कळलं. तारीख ठरवायच्या आत हे वाच, भाऊजींनाही वाचून दाखव.

लॅबमध्ये पिशवीच्या आतल्या अस्तराचे काप मी रोज काढते. त्याचे दोन थर असतात. खालचा स्नायूला धरून असतो, पाळीत तो जात नाही. पाळी संपताना अस्तर जेमतेम एक-दोन मिलिमीटर उरतं. मग अंडाशयातल्या इस्ट्रोजेनवर वरचा थर नव्याने वाढतो. स्त्रीबीज सुटलं की प्रोजेस्टेरॉन येतं. वाढ थांबते, ग्रंथी नागमोडी होतात, गर्भासाठी पोषण साठवतात. गर्भ राहिला नाही, तर साधारण दोन आठवड्यांत दोन्ही हार्मोन्स उतरतात, पीळदार रक्तवाहिन्या आवळतात आणि वरचा थर गळून जातो. खालच्या थरातून तो पुन्हा उगवतो, व्रणसुद्धा न ठेवता. शरीरात असं दुसरीकडे क्वचितच घडतं.

चाळिशीनंतर काही महिने स्त्रीबीज सुटतच नाही. मग प्रोजेस्टेरॉन मिळत नाही, अस्तर नुसतंच वाढत राहतं आणि तुकड्यातुकड्यांनी दिवसच्या दिवस गळतं. तुझ्या रक्तस्रावाचं कारण हेच असेल, तर बहुतेकदा गोळ्यांनी आवरतं. कधी गाठ असते, क्वचित कॅन्सर. म्हणून आधी सोनोग्राफी आणि अस्तराचा तुकडा तपासायचा. तुझा तुकडा कुणी घेतलाच नाही ना?

आपल्या बीडचं माहीत आहे ना? २०१९ मध्ये सरकारी समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीमुळे खाडा झाला की पैसे कापतात, फडात आडोसा नाही, पाणी नाही. आणि त्यावर इलाज म्हणून बाईचं पोट फाडायचं! इथून जवळ कासारसाईच्या कारखान्याकडे जाणाऱ्या ऊसगाड्या दिसल्या की माझा संताप होतो. पिशवीसोबत अंडाशयंही काढली, तर रजोनिवृत्ती एकदम येते, अंगाची आग होते, हाडं ठिसूळ व्हायला लागतात.

जुनी सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट घेऊन ये, वायसीएम रुग्णालयात दाखवू. हिमोग्लोबिन मात्र तिथेच उद्या तपासून घे, आणि एका तासात पॅड भिजायला लागलं तर माझी वाट न बघता दवाखान्यात जा.

तुझी,
धाकटी