रंगाची साक्ष

कोणी रातोरात निष्ठा बदलली, की मराठी भाषकाला सरडा आठवतो, हिंदी भाषकाला गिरगिट आणि तमिळ भाषकाला पच्चोंदी. भाषा निराळ्या, आरोप एकच. ज्याच्यावर तो ठेवला जातो, त्या शॅमेलिऑनला प्रत्यक्ष पाहिलेले लोक मात्र थोडेच. कुंपणावर मान हलवणारा नेहमीचा सरडा तो हा नव्हे. शॅमेलिऑनची एकच जाती भारतात आढळते. दोन्ही बाजूंनी चपटे हिरवे शरीर, फांदीला वेटोळे घालणारे शेपूट, चिमट्यासारखे पाय, एकमेकांपासून स्वतंत्रपणे फिरणारे डोळे आणि शरीराच्या लांबीहून दूर फेकली जाणारी जीभ, ही त्याची लक्षणे. वाऱ्यावर डुलणाऱ्या पानासारखा तो मागेपुढे झुलत चालतो. लपायला मूळचा हिरवा रंग आणि ही चाल त्याला बहुधा पुरेशी होते.

मग तो रंग बदलतो कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर त्याच्या परदेशी भाऊबंदांच्या अभ्यासातून मिळाले. मादागास्करमधील एका जातीच्या त्वचेत ग्वानीनच्या अतिसूक्ष्म स्फटिकांची जाळी असते, असे जिनीव्हा विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले. प्राणी शांत असताना स्फटिक दाटीने राहतात आणि निळा प्रकाश परावर्तित करतात. त्वचेतील पिवळ्या रंगद्रव्याशी मिळून तो हिरवा दिसतो. प्रतिस्पर्धी नर समोर आला, की स्फटिकांमधील अंतर वाढते आणि हिरव्याचा पिवळा होतो. अरबस्तानातील एका जातीच्या नरांच्या झुंजींचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. ज्याचे मस्तक अधिक तेजस्वी होते आणि अधिक वेगाने उजळते, त्याचाच जय बहुधा होतो, असे त्यात आढळले. हार मानणारा काळवंडतो, आणि तेवढ्यावरच पुष्कळदा झुंज मिटते. उन्हाची ऊब घेण्यासाठीही अंग गडद होते. मनात आणि देहात जे चालले आहे, ते हा प्राणी असा उघडपणे अंगावर मांडतो.

भागवतातील नृग राजा एक गाय अजाणता दोनदा दान दिल्यामुळे कृकलास होऊन विहिरीत पडला. पुराणकाराने त्या देहात निदान एक दानशूर मनुष्य पाहिला. लोकसमजुतीने मात्र त्यात विष पाहिले. वास्तविक शॅमेलिऑनला विष मुळीच नसते.

अंडी घालण्यासाठी मादीला झाड सोडून जमिनीवर उतरावे लागते. तिथे तिची संथ चाल तिला वाचवू शकत नाही. माणसांनी वेढले, की ती अंग फुगवते, फूत्कार टाकते, गडद होते. आपण भ्यालो आहोत, दूर व्हा, एवढेच तिला सांगायचे असते. भोवतालची माणसे म्हणतात, पाहा, रंग बदलला. आणि कोणीतरी दगड उचलतो.