लष्करातील संक्रांत आणि साखरेचे दागिने

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरून दक्षिणेकडे दृष्टी टाकली म्हणजे घरांची जी दाट वस्ती दिसते, ती लष्कर. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी येथे छावणी टाकली आणि ती पुढे उठलीच नाही. तंबूंच्या जागी वाडे उभे राहिले, वाड्यांभोवती पेठा वसल्या. शहराला नाव मात्र लष्कर हेच चिकटून राहिले. पाटणकर बाजार, फालका बाजार, चिटणीसांची गोठ ही नावे आजही पत्त्यांत लिहिली जातात. रिक्षावाला ती हिंदी वळणाने उच्चारतो एवढेच.

हे शहर पाहावयाचे तर पौषात पाहावे. सकाळी धुक्याने समोरचे घर दिसत नाही आणि अंगावरची शाल दहा वाजेपर्यंत उतरत नाही. याच दिवसांत बाजारात गजक येते. गुळाचा पाक खुंटीला अडकवून ओढ ओढ ओढायचा, भाजलेल्या तिळांत मिसळायचा आणि लाकडी मोगऱ्यांनी कुटून त्याचे पापुद्रे काढायचे, हा त्या गजकेचा विधी. उत्तरेस सुमारे चाळीस किलोमीटरांवर असलेले मुरैना ही तिची राजधानी. तेथील गजकेला २०२३ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. महाराज बाड्याच्या आसपास हिंडताना भाजलेल्या तिळाचा वास आपल्या सोबतीने चालत असतो.

त्याच तिळाचा दुसरा संसार मराठी घरांच्या माजघरात चालतो. तेथे मोगऱ्यांचा आवाज नाही. मंद शेगडीवर एक परात, परातीत मूठभर तीळ, शेजारी पाकाचे पातेले आणि तिळांवरून फिरणारी एका बाईची बोटे, एवढाच तो कारखाना. संक्रांतीचा हलवा तेथे घडतो.

पाकाचे गणित सोपे आहे. वाटीभर साखरेला अर्धी वाटी पाणी, उकळी आली की चमचाभर दूध घालून वर येणारी मळी काढावयाची, पाक फडक्यातून गाळावयाचा. अवघड आहे ते पुढचे. परातीतील तिळांवर चमचाभरच पाक सोडावयाचा आणि तो सुकेपर्यंत बोटांनी दाणे हलवीत राहावयाचे. सुकला की दुसरा चमचा, मग तिसरा. पाक अधिक पडला तर दाणे एकमेकांना चिकटतात. आंच वाढली तर साखरेचा भुगा होतो किंवा रंग पिवळट पडतो. हात जड पडला तर आलेला काटा झिजून जातो. असे दोन-तीन दिवस चालले म्हणजे दाण्यावर बारीक टोके फुटू लागतात. त्यालाच काटा येणे म्हणतात. पाकातली साखर थराथराने दाण्यावर गोठते, आणि जेथे एकदा उंचवटा झाला तेथे पुढचा थर अधिक बसतो. काट्याचे रहस्य ते एवढेच. पण ते रहस्य उमगलेल्या प्रत्येकीच्या परातीत काटा येतोच असे नाही.

थंडीत काटा चांगला फुलतो, हा सर्वत्र मान्य असलेला अनुभव. त्या बाबतीत आम्ही ग्वाल्हेरकर भाग्यवान. मात्र धुक्याचा दमटपणा हलव्याला मानवत नाही. म्हणून सकाळी परात चढवावयाची नाही. ऊन अंगणात उतरले, हवा कोरडी झाली की बसावयाचे आणि सांज दाटण्यापूर्वी उठावयाचे.

दाणाही दागिना पाहून निवडावा लागतो. खसखशीचा हलवा मोत्यांसारखा बारीक, तो नथीला आणि बिंदीला. तिळाचा हारांना आणि बांगड्यांना. साबुदाण्याचा टपोरा, तो बाजूबंदाला. लवंगेवर चढविलेला हलवा लांबट होतो; तो हाराच्या पदकाखाली लोंबता ठेवला की दागिन्याला मंद सुवास येतो. या दाण्याला सुईने भोक पाडता येत नाही, पाडू गेल्यास तो फुटतो. म्हणून दोऱ्याचा फास घालून एकेक दाणा गाठीने बांधावयाचा. काट्यांमुळे दोरा घसरत नाही. डोळ्यांना ताण देणारे हे काम दुपारी उन्हात पाठ करून बसलेल्या दोघी-तिघी मिळून करतात, आणि तोंडे अर्थातच बंद नसतात.

बाड्यावरून चार पावलांवर सराफा आहे. तेथे सोन्याचे हार काचेआड झळकतात. ते पिढ्यांपिढ्या टिकतात, प्रसंगी गहाणही पडतात. हलव्याचा दागिना टिकत नाही. संक्रांतीला काळ्या चंद्रकळेवर नवी नवरी तो घालते, बोरन्हाणाला लहानग्याच्या डोक्यावर त्याचा मुकुट चढतो, रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाची घाई उरकते, आणि मग मुले हारांतले दाणे तोडून खातात. पावसाळ्यापर्यंत त्यातले काही उरत नाही. शेजारच्या हिंदी भाषक भगिनींना या सणाला काळे लुगडे कसे चालते, याचेच आधी नवल वाटते. थंडीत काळे वस्त्र ऊब धरते हे उत्तर त्यांना पटते. पांढरा दागिना काळ्यावर किती उठून दिसतो हे पाहिल्यावर तर प्रश्नच उरत नाही.

अलीकडे हे दागिने पुण्याहून तयार येतात. झेलम एक्स्प्रेसने आलेला कोणी नातेवाईक खोके घेऊन उतरतो किंवा टपालाने पुडके येते. पुठ्ठ्यावर जरीचा कागद लावून दाणे डिंकाने बसविलेले असतात. दिसावयास ते सुबकच. नोकरी करणाऱ्या सुनेने तीन दिवस परातीपुढे बसावे असा आग्रह कोण धरील? आम्हीही धरीत नाही. परंतु खोक्यातून दागिना येतो, त्याच्यासोबतचे शब्द येत नाहीत. मळी, काटा, मंद आंच, ‘पाक एकतारी झाला का ते बोटांत धरून पाहा’ हे सारे परातीपाशीच बोलले जाते. ज्या गावात शाळेची, बाजाराची आणि कचेरीची भाषा हिंदी आहे, तेथे मराठी बोलण्याची निमित्ते मोजकीच. त्यांतले एक कमी झाले तर पोकळी लगेच दिसत नाही. दहा वर्षांनी नातवंडे ‘काटा’ म्हणजे फक्त पायात रुततो तो, असे समजू लागतात.

उलट अनुभवही येतो. आता आमच्या कित्येक घरांत आग्र्या-कानपूरकडील सुना आहेत. त्यांना प्रथम मराठी वाक्य अवघड वाटते, परात मात्र अवघड वाटत नाही. सासू बोटे कशी फिरवावी ते दाखविते, सून विचारते, “आई, काटा आला का?” आणि व्याकरणाच्या पुस्तकावाचून एक वाक्य बिनचूक घरात येते. तिच्या हातचा हलवा कधी कधी सासूच्या हलव्याहून सरस उतरतो, आणि सासूबाई ते चारचौघींत सांगतातही.

संपूर्ण साज घरी होणे नाही, हे आम्ही जाणतो. तरी बोरन्हाणापुरता एक लहानसा हार घरी गुंफण्यास फार लागत नाही: वाटीभर साखर, मूठभर तीळ, तीन कोरड्या दुपारी आणि जवळ बसावयास एक नातवंड. मुकुट, बाजूबंद खुशाल पुण्याहून येऊ द्यावेत. पहिला काटा वेडावाकडा आला तरी हरकत नाही. चवीत तो कमी पडत नाही.