टाइमआउट झाला... मग पुढे काय?

सॉफ्टवेअर अडकतंय अशी तक्रार आली, की मीटिंगमध्ये कोणीतरी हमखास म्हणतं, "टाइमआउट टाका ना!" डोकं दुखतंय म्हटल्यावर लगेच बामची बाटली पुढे करावी, तसं. माझं या बामशी वैर नाही, मीही वापरतो. पण टाइमआउट झाला म्हणजे नक्की काय झालं, हे फारसं कोणी विचारत नाही. डेटाबेसच्या कोडमध्ये हा न विचारलेला प्रश्न महागात पडतो.

आधी म्यूटेक्स म्हणजे काय ते बघू. चाळीत सगळ्यांना मिळून एकच न्हाणीघर. आत जाणारा कडी लावतो, बाकीचे खांद्यावर टॉवेल टाकून बाहेर. ही कडी म्हणजे म्यूटेक्स. एका वेळी एकच थ्रेड आत. आता समजा बादली एकाने पटकावली आणि तांब्या दुसऱ्याने. "आधी तू दे", "नाही, आधी तू दे"... दोघंही दिवसभर पारोसे! हाच तो डेडलॉक. उपाय सोपा आहे. आधी बादली घ्यायची, मगच तांब्याला हात लावायचा, आणि हा नियम सगळ्यांना सारखा. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे टाकायचे असतील, तर लहान क्रमांकाच्या खात्याचं लॉक नेहमी आधी घ्यायचं. एवढ्या शिस्तीने बरेचसे डेडलॉक होतच नाहीत.

आणि टाइमआउट? तो म्हणजे बाहेर उभं राहून कंटाळून निघून जाणं. तुम्ही दहा मिनिटं थांबलात आणि गेलात, एवढंच त्यातून कळतं. आतल्याची अंघोळ कधी आटपणार, हे कळत नाही. आणि तुम्ही आधीच अंगाला साबण लावून उभे असाल, तर तो साबण अंगावर तसाच राहतो. हा साबण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमधला घोळ शोधायला आम्हाला बोलावलं होतं. मायएसक्यूएल, इनोडीबी, आणि काउंटरचे व्यवहार व व्याज आकारणी एकाच प्रोग्रामच्या वेगवेगळ्या थ्रेडवर. पूर्वी तिथली तक्रार वेगळी होती. काउंटरवरचा स्क्रीन मधूनच जवळपास मिनिटभर गोठायचा. हा आकडा योगायोगाचा नाही. एखादी ओळ दुसऱ्याने लॉक केली असेल, तर इनोडीबी मुळात ५० सेकंद वाट बघतं. कोणीतरी ते ५० चे ५ केले. गोठणं थांबलं आणि सगळे खूश.

मग एक निवृत्त एसटी कंडक्टर पासबुक घेऊन आले. आयुष्यभर सुट्ट्या पैशांचा हिशोब केलेला माणूस! ते मॅनेजरांना शांतपणे म्हणाले, "साहेब, पैसे या खात्यातून गेले. त्या खात्यात आले नाहीत. मग आहेत कुठे, तेवढं सांगा."

झालं होतं असं. पावती क्रमांक देण्यासाठी एक म्यूटेक्स होता, आणि काउंटरचा थ्रेड तो संपूर्ण व्यवहारभर धरून ठेवायचा. त्याने पहिल्या खात्यातून पैसे वजा केले आणि दुसऱ्या खात्याच्या ओळीसाठी तो थांबला. ती ओळ व्याजाच्या थ्रेडने लॉक केलेली, आणि तो बसलेला पावती क्रमांकाच्या म्यूटेक्ससाठी. बादली आणि तांब्या!

तुम्ही म्हणाल, इनोडीबी तर डेडलॉक स्वतः ओळखतं. ओळखतं ना! कोण कोणासाठी थांबलंय याचा आलेख बघतं, चक्र दिसलं की एक व्यवहार बळी देऊन बाकीच्यांना मोकळं करतं. पण त्याला फक्त स्वतःची लॉक दिसतात. तुमच्या प्रोग्राममधला म्यूटेक्स त्याच्या गावीही नसतो. त्याला दिसलं एवढंच, की एक थ्रेड एका ओळीसाठी थांबलाय. चक्र नाही, म्हणजे डेडलॉक नाही. मग उरतो तो फक्त टाइमआउट.

आणि इथेच तो साबण. इनोडीबीने डेडलॉक पकडला तर १२१३ ही एरर येते आणि सगळा व्यवहार मागे घेतला जातो. पण लॉकची वाट बघून टाइमआउट झाला तर १२०५ येते, आणि मागे घेतली जाते ती फक्त शेवटची आज्ञा! आधीचं वजा केलेलं तसंच राहतं. सगळंच मागे घेणारी सेटिंग आहे, पण ती मुळात बंद असते. पोस्टग्रेसमध्ये एकदा एरर आली की तो व्यवहार रद्दच धरला जातो, त्यामुळे तिथे अर्धवट काम असं पक्कं करता येत नाही. या कोडने मात्र १२०५ पकडली, लॉगमध्ये एक ओळ लिहिली आणि पुढे कमिट केलं. पैसे एकीकडून गेले, दुसरीकडे पोचलेच नाहीत.

पूर्वी ५० सेकंद कोणी धीर धरायचं नाही. कर्मचारी प्रोग्रामच बंद करून पुन्हा सुरू करायचे. कनेक्शन तुटलं की डेटाबेस अर्धा व्यवहार मागे घ्यायचा, म्हणून हिशोब बरोबर! ५ सेकंद केल्यावर कोड पहिल्यांदाच त्या फांदीवर पोचला. अडकण्याची तक्रार गेली आणि पैसे हरवण्याची आली.

दुरुस्ती अगदी छोटी होती. म्यूटेक्स फक्त क्रमांक वाढवण्यापुरता धरायचा, तो हातात असताना डेटाबेसशी बोलायचंच नाही. १२०५ आली की स्वतः रोलबॅक करायचा. पुन्हा प्रयत्न करायचा तर अडलेल्या आज्ञेपासून नाही, व्यवहाराच्या सुरुवातीपासून, मध्ये थोडा कमी-जास्त वेळ थांबून आणि मोजकेच वेळा. लॉगच्या आधारे काकांची नोंदही दुरुस्त झाली.

एक प्रकार याहूनही चिवट आहे. कमिट पाठवलं आणि उत्तर यायच्या आत नेटवर्कचा टाइमआउट झाला, तर? काम झालं असेल किंवा नसेलही. यूपीआयवर 'पेंडिंग' दिसल्यावर आपण लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवत नाही, आधी चौकशी करतो. कोडनेही तेच करावं. प्रत्येक व्यवहाराला आधीच एक क्रमांक द्यायचा आणि टेबलमध्ये तो युनिक ठेवायचा. म्हणजे तोच व्यवहार पुन्हा पाठवला, तरी दोनदा नोंदला जात नाही.

तेव्हापासून रिव्ह्यूमध्ये कोणी ५ सेकंद की १० यावर वाद घालायला लागलं, की मी आकडा बाजूला ठेवायला सांगतो. सहाव्या सेकंदाला कोणती लॉक हातात असतील, काय अर्धवट झालेलं असेल आणि ते कोण निस्तरणार, ते आधी कागदावर लिहा. आकडा मग कोणताही चालतो, हो!