किल्ल्याखालची भाषा

आम्ही इंदूरचे. पणजोबांनी होळकरांच्या चाकरीसाठी साताऱ्याकडून येथे बिऱ्हाड आणले. शासकीय सेवेतून निवृत्त झाल्यापासून माझी संध्याकाळ लालबागेच्या परिसरात, खान नदीच्या काठी जाते. समुद्राशी आमचा संबंध सुट्टीपुरताच. तरीही मासेमारी करणारे एक लहानसे गाव माझ्या मनात ठाण मांडून बसले आहे. ते म्हणजे रायगड जिल्ह्यातील कोर्लई.

मुलीकडे अलिबागला गेलो असता एका जानेवारीत तेथे जाण्याचा योग आला. कुंडलिका नदी समुद्राला मिळते त्या मुखाशी, रेवदंड्यासमोर, एक डोंगर समुद्रात शिरला आहे. त्याच्या पायथ्याशी कोळीवाडा. किनाऱ्यावर होड्या, सावलीत बसून जाळी सांधणारे वृद्ध, उन्हात पसरलेला जवळा आणि मासळीच्या भावावरून चाललेली स्त्रियांची घासाघीस. पावसाळ्यात दोन महिने मासेमारी बंद. मग नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करून होड्या पुन्हा लोटायच्या. हा क्रम पिढ्यान्‌पिढ्यांचा.

डोंगरावरचा किल्ला १५९४ साली निजामशाहीने बांधावयास घेतला आणि त्याच वर्षी पोर्तुगीजांनी तो जिंकला. १७४० च्या तहाने चौलसह हा मुलूख मराठ्यांकडे आला. सत्ताधारी निघून गेले. गरीब ख्रिस्ती कुटुंबे मात्र राहिली. त्यांची वस्ती कोळीवाड्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. तेथे आजही सुमारे हजार माणसे पोर्तुगीजमधून उपजलेली एक बोली बोलतात. तिला ते ‘नो लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, म्हणतात. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने तिचा अनेक वर्षे अभ्यास केला. तिचे शब्द पोर्तुगीज कुळातले. परंतु शेजारधर्माने तिचे क्रियापद मराठीसारखे वाक्याच्या शेवटी येऊन बसले आहे.

त्या वस्तीत एका ओटीवर आम्ही पाणी मागितले. आजींनी आमच्याशी शुद्ध मराठीत बोलून आतल्या नातवाला आपल्या बोलीत हाक मारली. त्याने उत्तर दिले ते मराठीत. आजींना त्यात काही वावगे वाटले नसावे. पुढचे वाक्यही त्या आपल्याच बोलीत बोलल्या.

मी मात्र चमकलो. इंदुरात माझा नातू माझ्या मराठीला हिंदीत उत्तर देतो आणि मी दर वेळी त्याला टोकतो. मराठीवर अन्याय होतो, अशी माझी जुनी तक्रार. ज्या मराठीसाठी मी येथे गळा काढतो, तीच कोर्लईत शाळेची, बाजाराची, एवढेच नव्हे तर चर्चमधील प्रार्थनेचीही भाषा आहे. तेथे धाकटी बोली तिच्या सावलीत अंग चोरून उभी आहे. आपली भाषा कोठेतरी कोणाची तरी हिंदी असते, हे साठी ओलांडल्यावर प्रथमच उमगले.

परतल्यापासून मी नातवाला टोकणे सोडले आहे. लालबागेत फिरताना मी मराठीत बोलतो, तो हिंदीत बोलतो. परवा त्याने कोर्लईच्या आजींबद्दल विचारले. प्रश्न हिंदीतच होता; पण ‘आजी’ हा शब्द मात्र त्याने तसाच ठेवला होता.